तिघांत मिळून एक

बाथरूमच्या बंद दाराबाहेर बाबा फरशीवर मांडी घालून बसला होता आणि जीव कानात गोळा करून ऐकत होता. आधी धार. मग टाळ्या. मग फ्लशचा गडगडाट. त्यानंतर बराच वेळ नुसती कुजबुज, आणि मग दार उघडून तीन मुलं लढाई जिंकल्यासारखी बाहेर आली.

"झाली?"

"झाली!" तिघं एका सुरात ओरडली.

बाबाने तिन्ही चड्ड्या चाचपल्या. ठणठणीत कोरड्या! त्याने भिंतीवरच्या तक्त्यावर तीन चांदण्या चिकटवल्या आणि हे कुणाला तरी सांगावं म्हणून मागे वळला. मागे फ्रिज होता. त्याने फ्रिजला सांगितलं.

फ्रिजशी बोलायची वेळ माणसावर अशी एका दिवसात येत नाही. मुलांची आई इंजिनियर, सहा महिन्यांसाठी लांबच्या एका पुलाच्या कामावर गेली होती. बाबा घरी बसून औषधांची पत्रकं लिहायचा. खोक्यात बारीक घडी घालून कोंबलेला तो कागद असतो ना, जो आपण न वाचताच टाकून देतो, तो. म्हणजे दिवसभर कुणी वाचत नाही ते लिहायचं आणि सोबतीला पावणेतीन वर्षांची तिळी: थोरली, तिच्यानंतर चार मिनिटांनी आलेला मधला, आणि त्याच्यानंतर चार मिनिटांनी आलेला धाकटा. रात्री आईचा फोन यायचा. तिघं तो हिसकावून घ्यायची, आईला फोनमधूनच चाटायची, आणि बाबाच्या हातात फोन येईपर्यंत पलीकडे आईला झोप लागलेली असायची.

मोठं माणूस म्हणाल तर फक्त कुरिअरवाला.

"इथे सही."

"आज ऊन फार आहे, नाही?" सही मुद्दाम सावकाश करत बाबा विचारायचा.

"इथे पण सही."

एवढीच मैफल.

म्हणून तर मुलांना जवळच्या बालवाडीत घालायचं होतं. रोजचे तीन तास! पण तिथल्या बाईंनी आधीच बजावलं होतं, "येत्या नाही, त्याच्या पुढच्या सोमवारी सकाळी घेऊन या. तिघांनाही शी-शूचं कळत असेल, तरच जागा. डायपरवाली मुलं मी घेत नाही. रांग मोठी आहे."

हातात दहा दिवस होते. बाबा म्हणाला, हात्तिच्या! सूचना लिहिणं हा तर आपला धंदा. त्याने त्या रात्रीच पत्रक तयार केलं. पायरी एक: भांड्यावर बसावे व काम उरकावे. पायरी दोन: टाळ्या वाजवाव्यात. पायरी तीन: फ्लशचे बटण दाबावे. दुसऱ्या दिवशी तिघांना बाथरूममध्ये उभं करून त्याने प्रात्यक्षिक घेतलं. भांडणं नकोत म्हणून थोरलीला पहिली पायरी दिली, मधल्याला दुसरी, धाकट्याला तिसरी. काय सुरेख जमलं म्हणता! दुसऱ्या दिवसापासून तर धाकट्याने फर्मानच काढलं, "बाबा बाहेर!" आणि दार लावून घेतलं.

बाथरूममधूनही आपल्याला हाकललं, या विचाराने बाबाला जरा गलबलून आलं. पण चांदण्या भराभर वाढत होत्या, त्यामुळे त्याने ते मनावर घेतलं नाही.

तिसऱ्या दिवसापासून घरात एक वास यायला लागला.

बाबाने खिडक्या उघडल्या. फरशी पुसली. वास वाढला. त्याने सोफ्याखालून, कपाटामागून, पार जिन्यापर्यंत सगळं पुन्हा पुसलं. वास आणखी वाढला. जितकं पुसावं तितका वास! पाचव्या दिवशी तो दिवसातून चार वेळा पुसत होता आणि घर असं दरवळत होतं, की कुरिअरवाल्याने जिन्याच्या खालूनच हाक मारली, "साहेब, पाकीट पायरीवर ठेवलंय! सही राहू द्या, मीच करतो!"

बाबा वाकून बघेपर्यंत तो पळालासुद्धा. उन्हाबद्दल बोलायलाही आता कुणी उरलं नव्हतं.

"अगं, तुला फोनमधून वास येतोय का?" त्याने रात्री बायकोला विचारलं.

"अरे, तू नीट जेवतोस ना?" ती काळजीने म्हणाली, आणि लगेच धाकट्याने फोन पळवला.

सोमवार उजाडला. तीन कोरड्या चड्ड्या, तक्त्याची घडी खिशात. बालवाडीच्या बाई उंच, आणि केसांत तीन पेन्सिली खोचलेल्या. त्यांनी तक्ता पाहून भुवया उंचावल्या.

"दहा दिवसांत तिघं? कमाल आहे! चला, मी एकेकाला नेते. तुम्ही बाहेर बसा."

एकेकाला! घरी तर तिघं नेहमी एकत्रच जायची.

थोरली गेली. धार ऐकू आली. मग शांतता. मग थोरलीचा दुखावलेला आवाज, "टाळ्या कुठेत?"

मधला गेला. आतून कडकडून टाळ्या ऐकू आल्या. थांबल्या. पुन्हा आल्या. मग बाईंचा आवाज, "अरे राजा, पण आधी शू कर ना!" आणि पुन्हा टाळ्या.

धाकटा गेला. फ्लश. फ्लश. फ्लश. फ्लश. "अरे थांब, थांब! पाणी बाहेर येतंय! अरे बाळा, बटण सोड!"

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या चपला चुबुक चुबुक वाजत होत्या आणि एक पेन्सिल कमी झाली होती.

"तुमची मुलं शिकली आहेत," त्या म्हणाल्या, "पण तिघांत मिळून एक."

बाबाने तिघांकडे पाहिलं.

"आणि हे दोघं मला सारखं विचारतायत, बादली कुठंय. कसली बादली?"

"बादली?" बाबा म्हणाला. आणि मग त्याच्या डोळ्यांसमोर घरच्या बाथरूमच्या कोपऱ्यातली ती बादली उभी राहिली. फरशी पुसायची. पाणी भरून कायम तयार ठेवलेली. बरोबर मधल्याच्या आणि धाकट्याच्या उंचीची. भांडं ताईचं, बाबाने स्वतःच तशी वाटणी करून दिली होती. मग त्या दोघांनी जायचं कुठे? आणि त्याच पाण्याने त्याने सात दिवस, सोफ्याखालून पार जिन्यापर्यंत...

"बाई, मला जरा पाणी मिळेल का?" तो खाली बसत म्हणाला.

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पाणी दिलं. मग म्हणाल्या, "जागा आज देत नाही. पण आठवडाभर तुम्ही स्वतः इथे बसणार असाल, तर शिकवून बघू. त्या बाकावर. तुमच्यासारखे आणखी आहेत."

बाथरूमबाहेरच्या बोळात मुलांच्या गुडघ्याएवढ्या उंचीचा एक बाक होता. त्यावर हनुवटीला गुडघे टेकवून दोन मोठी माणसं बसली होती: आपल्या मुलीसाठी आलेला एक ट्रॅफिक पोलीस आणि नातवासाठी आलेली, मोजे विणणारी एक आजी.

"सरका हो हवालदार," आजी म्हणाली. "बसा. तुमचा कितवा दिवस?"

"पहिला."

"आमचा नातू आज कुंडीत करून आला," आजीने मोठ्या अभिमानाने सांगितलं. "तुमचं काय?"

बाबाने सांगितलं. बादलीपासून कुरिअरवाल्यापर्यंत सगळं. पोलीस हसता हसता बाकावरून घसरला. आजीचे टाके सुटले. बाबाच्या गोष्टीवर कुणीतरी हसत होतं! त्याने घाईघाईने आणखी एक सांगितली.

दुसऱ्या दिवशी तो पत्रकांचं काम सोबत घेऊन आला. पोलिसाने त्यातलं एक खणखणीत आवाजात वाचलं, "क्वचित प्रसंगी जीभ निळी पडू शकते! हे तुम्ही लिहिता? मला वाटायचं, हे आपोआप उगवतं!" आणि आजीने तर हुकूमच सोडला, की उद्यापासून रोज एक पत्रक मोठ्याने वाचायचं. कामही संपत होतं. घरी पोहोचेपर्यंत बाबाचा घसा बोलून बोलून बसलेला असायचा आणि फ्रिजकडे त्याचं लक्षच जायचं नाही.

शुक्रवारी बाई बोळात आल्या.

"अभिनंदन! तिघंही पक्की झाली. तीन दिवसांत एकदाही चूक नाही, बादलीचं नावसुद्धा नाही. सोमवारपासून मुलांना दारात सोडायचं आणि तुम्ही मोकळे!"

मोकळे. बाबाने बाकाकडे पाहिलं. पोलिसाच्या मुलीचं अजून काही खरं नव्हतं. कुंडीवाल्या नातवाचा तर सवालच नव्हता. ते दोघं सोमवारी इथेच असणार होते.

"नाही, म्हणजे..." तो घुटमळला. "थोरलीचं अजून पक्कं नाही वाटत मला."

"मला येतं!" थोरली आतून किंचाळली. "मला पहिल्यापासून येतं!"

आजी विणकामात तोंड खुपसून बसली. बाबाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

बाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा बाकाकडे. मग केसांतली पेन्सिल काढली आणि वहीत काहीतरी लिहिलं.

"मुलांचं झालंय," त्या म्हणाल्या. "तुमचं अजून पक्कं दिसत नाही. आणखी महिनाभर येऊन बसा."