दोरीपलीकडचा गट

शिबिराच्या चौथ्या दिवशी दोरीच्या पलीकडची मुलं सलग साडेतीन मिनिटं हसली. शिट्टीसरांनी ते स्टॉपवॉचवर मोजलं. आपल्या बाजूची मुलं किती वेळ हसली, हे मोजायची गरजच पडली नाही.

साथीचं वर्ष होतं. शाळा वर्षभर बंद, मुलं घरात कोंडून कोंडून भिंतीवर चढायची तेवढी बाकी राहिली होती. शेवटी उन्हाळ्यात परवानगी मिळाली. शिबिर घ्या, पण उघड्या मैदानावर आणि फक्त सकाळी. दहा-दहा मुलांचे दोन गट करा, मधे दोरी बांधा, इकडच्याने तिकडे पाऊल टाकायचं नाही. लाल फीत बांधलेला गट शिट्टीसरांचा. पिवळी फीत बांधलेला गट टोपीकाकांचा. हे टोपीकाका म्हणजे वाचनालय बंद असल्यामुळे रिकामा बसलेला ग्रंथपाल. तिशीतला, सुपाएवढी टोपी घालणारा, आणि सरांच्या शब्दांत सांगायचं तर, "साधी कोलांटी मारता येत नाही हो त्याला!"

सर निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. पण उन्हाळी शिबिर म्हटलं की शाळेला सरच लागायचे. बाकीचे अकरा महिने ते भाजी आणणारे आणि नातीचे बूट शोधणारे आजोबा असायचे. या एका महिन्यात मात्र ते सर असायचे. त्यातच या वर्षी शाळेने नेमलेल्या सिस्टरनी पहिल्याच दिवशी त्यांची शिट्टी काढून घेतली.

"मास्क काढून शिट्टी फुंकणार? दहा मुलांवर थुंकायचंय का तुम्हाला?"

सरांनी मास्कच्या आतून फुंकून बघितली. मास्क फुग्यासारखा फुगला, चष्म्यावर धुकं आलं, आवाज मात्र शून्य. मग त्यांनी घरच्या सायकलची घंटी आणली. त्यांनी ट्रिंग ट्रिंग केलं की फक्कीने आखलेल्या वर्तुळांत उभी असलेली मुलं सावधान व्हायच्याऐवजी दचकून बाजूला सरकायची.

"अरे, सरकताय काय? सावधान!"

"सर, आम्हाला वाटलं सायकल येतेय."

इतकं सगळं सरांनी सोसलं असतं. पण त्यांची सहा वर्षांची नात, भिंगरी, पिवळ्या गटात होती. ती तिथे गेली ती सरांच्याच कृपेने. 'शिक्षकाने स्वतःच्या घरचं मूल स्वतःच्या गटात घेऊ नये, पक्षपात होतो' असा नियम त्यांनी स्वतःच वीस वर्षांपूर्वी शिबिराला घालून दिला होता. तेव्हा त्यांना आपल्या ताठ कण्याचं फार कौतुक वाटलं होतं. आता तो कणा दुखत होता.

त्या दिवशी दुपारी जेवताना भिंगरी सुरू झाली.

"आजोबा, आज टोपीकाकांनी आम्हाला मुंग्या दाखवल्या!"

"मुंग्या काय दाखवायच्या असतात? त्या काय लपून बसल्या होत्या?"

"पोटावर झोपून बघायच्या. प्रत्येकाची जागा वेगळी, लांब लांब. आणि आपली मुंगी कुठे जाते ते शेवटपर्यंत बघायचं. माझी मुंगी एवढं मोठं पान घेऊन गेली!"

"आमची मुलंसुद्धा रांगेत चालतात," सर म्हणाले.

"अहो, ती मुंग्यांबद्दल बोलतेय," आजी म्हणाली.

"टोपीकाका सगळ्यात भारी सर आहेत," भिंगरीने जाहीर केलं.

"आणि मी?"

भिंगरीने तोंडातला घास संपवून नीट विचार केला. "तुम्ही आजोबा आहात."

खरं तर यात रागावण्यासारखं काहीच नव्हतं. पण सरांनी हातातला घास तसाच ताटात ठेवला. मत्सर म्हणतात तो हाच, आणि एकसष्टाव्या वर्षी तो झाला की लपवायलाही जमत नाही. आजीला तो दिसला. सुनेलाही दिसला. दिसला नाही तो फक्त भिंगरीला, कारण ती मुंगीसाठी साखर मागत होती.

पाचव्या दिवशी सरांनी आजीची बागकामाची टोपी घातली. ती टोपीकाकांच्या टोपीपेक्षा चांगली चार बोटं रुंद होती. दहा मिनिटं सगळं छान चाललं. मग वारा आला आणि टोपी दोरीपलीकडे जाऊन पडली. नियम असा होता की पलीकडे गेलेली वस्तू दिवसभर तिकडेच उन्हात ठेवायची. टोपीकाकांनी ती सर्वांपासून लांब, एका खांबावर अडकवली आणि अतिशय नम्रपणे ओरडून सांगितलं, "सर, काळजी करू नका! इथे सुरक्षित आहे!"

घरी आल्यावर भिंगरी म्हणाली, "आज आमच्या गटात राजा आला होता. खांबावर बसला होता. आम्ही त्याला लांबून मुजरे केले. आजी, राजाची टोपी तुझ्यासारखीच होती."

आजी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

सहाव्या दिवशी सरांनी लाज गुंडाळून ठेवली आणि आपल्या गटाला पोटावर झोपवलं. "मुंग्या बघा!" त्यांनी घंटी वाजवून हुकूम सोडला. मुलांनी पाच मिनिटं गवतात डोळे घातले. पण रोज सकाळी सात वाजता येऊन सर स्वतःच्या हाताने अख्ख्या लाल बाजूवर जंतुनाशक फवारायचे, तेही दोनदा. तिथे मुंगी औषधालासुद्धा उरली नव्हती.

"सर, एक दिसली!"

"कुठे? कुठे?"

"मेलेली आहे पण."

पलीकडून पुन्हा हसणं ऐकू आलं. ते त्यांच्यावर नव्हतं, पण सरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सातव्या दिवशी त्यांनी टोपीकाकांना कशात तरी अडकवायचं ठरवलं. शिबिराची नियमावली घेऊन ते दुपारभर बसले, हातात लाल पेन. अंतर? टोपीकाका तर सुतळीने मोजून मुलं झोपवायचा. मास्क? नाकावर. हात धुणं? तासातासाला. मेला एकाही नियमात सापडेना! आणि मग सरांचं पेन सातव्या नियमावर थांबलं. 'एकाच घरात राहणाऱ्या व्यक्तींना एकाच गटात ठेवावे.'

"अगं, ऐकलंस का!" सर खुर्चीतून उठलेच. "एकाच घरातली माणसं एकाच गटात! म्हणजे भिंगरी माझ्या गटात यायला हवी. हा सरकारी नियम आहे. माझा जुना नियम याच्यापुढे रद्द!"

आजीने कागद हातात घेऊन दोनदा वाचला. "अहो, हे जरा जपून. हे आपण सात दिवस पाळलंच नाही, असा अर्थ होतो याचा."

"तू पराचा कावळा करू नकोस," सर म्हणाले आणि इस्त्रीचा शर्ट शोधायला गेले.

आठव्या दिवशी सकाळी मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, आणि सिस्टर फाटकापाशी उभ्या होत्या. मुलांचं तापमान तपासणं चाललं होतं. दोरीपलीकडे, ऐकू येईल इतक्या अंतरावर, टोपीकाका होते. सरांना ते बरंच वाटलं. त्यांनी सातवा नियम खणखणीत आवाजात वाचून दाखवला.

सिस्टरचा हात तापमापकासकट हवेतच थांबला. "थांबा हां, सर. भिंगरी तुमच्या घरात राहते?"

"म्हणजे काय! सख्खी नात आहे माझी."

"पत्ता सुनेच्या नावावर दिलाय, म्हणून मला कळलं नाही. पण घरात तरी तुम्ही लांब राहत असाल ना?"

सरांना हा प्रश्न जिव्हारी लागला. पलीकडे तो टोप्या ऐकतोय, आणि ही बाई विचारतेय की नात आपल्यापासून लांब असते का?

"लांब? माझ्या ताटात जेवते ती!"

सिस्टरनी वहीत लिहिलं. मोठ्या बाईंनी डोळ्यांनी खुणावलं. पण सरांची गाडी आता उताराला लागली होती.

"माझ्या बाटलीतलं पाणी पिते. माझ्या मांडीवर बसल्याशिवाय दूध पीत नाही. गोष्ट सांगितल्याशिवाय झोपत नाही, तीसुद्धा माझ्या कुशीत. आणि घरी आल्या आल्या पहिला पापा कोणाला? मला!"

हे शेवटचं त्यांनी दोरीकडे तोंड करून सांगितलं. टोपीकाकांनी कौतुकाने मान हलवली.

"म्हणजे," सिस्टर वही मिटत म्हणाल्या, "हे दोन गट आठ दिवस वेगळे नव्हतेच. दोरी बांधलीत मैदानावर आणि गाठ मारलीत तुमच्या जेवणाच्या टेबलावर. मोठ्या बाई, शिबिर आजपासून बंद. सगळ्यांची तपासणी होईपर्यंत."

आपल्याच पायावर एवढा मोठा धोंडा मारून घेतलेला माणूस मोठ्या बाईंनी नोकरीत पाहिला नव्हता. वीस मुलं रडत घरी गेली. सरांचा फोन दुपारपर्यंत एकोणीस वेळा वाजला. सगळ्यांचं म्हणणं एकच, फक्त आवाज वेगवेगळे. सर प्रत्येकाला "हो, चुकलं माझं" म्हणत होते. त्या रडणाऱ्यांत भिंगरीही होती. ती त्यांच्या मांडीवर न बसता दूध प्यायली, आणि सरांना पालकांच्या एकोणीस फोनांपेक्षा ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या अंगणात सगळ्यांच्या नाकात काडी घालायचा कार्यक्रम झाला. मुलं घाबरू नयेत म्हणून सरांना पहिलं बसवलं. "बघा रे, काही दुखत नाही," असं ते म्हणाले आणि मग असे ओरडले की रस्त्यावरचा कुत्रा भुंकायला लागला. त्यानंतर वीसच्या वीस मुलं निमूट काडी घालून घेऊन गेली.

"टोपीकाका ओरडले नाहीत," भिंगरी वाटेत म्हणाली.

सरांचं नाक अजून चुरचुरत होतं.

देवाची कृपा म्हणा किंवा सरांच्या फवारणीची, कोणालाही काहीही निघालं नाही. तीन दिवसांनी शिबिर पुन्हा सुरू झालं. सर खिशात लाल फीत घेऊनच मोठ्या बाईंसमोर उभे राहिले.

"मग, भिंगरीला लाल फीत बांधू ना?"

"कशी बांधणार? लाल गटात दहा मुलं पूर्ण आहेत. अकरावं मूल चालत नाही," मोठ्या बाई म्हणाल्या. "मोठी माणसं मात्र एका गटात दोन चालतात. पिवळ्यात एकच आहे."

"मग?"

"मग तुम्ही पिवळ्यात जा. टोपीकाकांचे मदतनीस म्हणून."

मदतनीस! तीस वर्षं ज्याच्या शिट्टीवर अख्खं मैदान उभं राहिलं, तो माणूस हात धुवायच्या साबणापाशी उभा राहणार! "आणि माझा लाल गट?" सरांनी कसंबसं विचारलं.

"हेडक्लार्कबाई बघतील. ऑफिस तसंही बंदच आहे."

हेडक्लार्कबाई! वीस वर्षांत कोणी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. सरांना आपल्या दहा मुलांची दया आली, आणि खोटं कशाला बोला, थोडं बरंही वाटलं.

पिवळी फीत बांधून सर दोरीपलीकडे गेले. टोपीकाकांनी सहा फुटांवरून वाकून नमस्कार केला. "सर, तुम्ही आलात, जिवात जीव आला. मला रोज तुमचा हेवा वाटायचा."

"माझा?"

"एका घंटीत रांग लागते तुमची! माझी मुलं उभी केली की चारी दिशांना पळतात. म्हणून तर मी त्यांना पोटावर झोपवतो."

सरांना हा मुलगा एकदम समजूतदार वाटायला लागला. ते गुडघे धरत, कण्हत, भिंगरीशेजारी गवतात पालथे झाले. ती त्यांना मुंगी दाखवत होती. मुंगीने काडी उचलली, टाकली, पुन्हा उचलली. भिंगरीने हळूच आपला हात त्यांच्या हातात दिला. एकाच घरातली माणसं असल्यामुळे ते नियमात बसत होतं. सरांचे डोळे भरून आले. मास्क ओला झाला, पण त्यांनी तो बदलला नाही.

तेवढ्यात दोरीपलीकडून आरोळी आली.

हेडक्लार्कबाईंनी मैदानात टेबल मांडलं होतं. त्यावर रजिस्टर, शाईचं पॅड आणि दोन शिक्के, 'आवक' आणि 'जावक'. अंतर राहावं म्हणून शिक्के त्यांनी खिडकी उघडायच्या लांब काठीला बांधले होते. मूल आपलं कार्ड टेबलावर ठेवून मागे सरकायचं, बाई लांबून नेम धरून धाडकन 'जावक' मारायच्या, मूल धावत जाऊन झाडाला शिवून यायचं, की धाडकन 'आवक'. तीन शिक्के बरोबर पडले की कार्डावर बाईंची खरी सही. लाल गट अक्षरशः वेडा झाला होता. आणि हेडक्लार्कबाई मास्कच्या वर डोळ्यांनी चक्क हसत होत्या.

पिवळ्या गटाच्या मुंग्या वाऱ्यावर पडल्या. दहाही मुलं दोरीपाशी जाऊन उभी राहिली. टोपीकाका टोपी हातात घेऊन बघत राहिले. सर उठले, गवत झटकलं आणि त्यांच्याजवळ, पण सहा फूट सोडून, उभे राहिले. दोघांनाही एकाच जागी दुखत होतं.

भिंगरीने सरांचा शर्ट ओढला.

"आजोबा, एका घरातली माणसं एकाच गटात ना?"

"हो गं बाळा. म्हणून तर मी तुझ्या गटात आलो."

"आणि एका गटात मोठी माणसं किती?"

"दोनच."

भिंगरीने बोटांवर काहीतरी मोजलं आणि तिचा चेहरा उजळला.

"मग हेडक्लार्कबाईंना आपल्या घरी राहायला बोलवूया. म्हणजे त्या माझ्या गटात येतील!"

"पण बाळा, आपल्याकडे खोली कुठे आहे?"

"तुमची आहे की. तुम्ही जा ना टोपीकाकांकडे राहायला."