तीन नंबरची बाटली

रविवारी सकाळी नऊ वाजता नाशिक रोडच्या त्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत एकूण अकरा बाटल्या होत्या. सगळ्या तपकिरी काचेच्या, एक लिटरच्या, तारेच्या चिमट्याने झाकण बंद होणाऱ्या. पुढच्या ओळीत चार. त्यांच्यावर पांढरे स्टिकर आणि स्टिकरवर 1 ते 4 असे इंग्रजी आकडे. मागच्या ओळीत सात; त्यांच्यावर काहीही नाही. भिंतीला टांगलेला थर्मामीटर बारा अंश दाखवत होता.

पुढच्या चार गौरांगच्या. त्यांत सेझाँ होती. सेझाँ ही बेल्जियमकडे शेतावर करायची बिअर. गौरांग हा शब्द नाकातून काढत असे आणि काढून झाल्यावर समोरच्याकडे क्षणभर बघत असे. फ्रिजच्या चार अंशांत सेझाँचा आत्मा मरतो, तिला शेतावरच्या तळघरासारखे बारा अंश लागतात, असं त्याने वाचलं होतं. जानेवारीत नाशिकला बारा अंश फुकट मिळतात, म्हणून त्याने शनिवारी पुण्याहून आलेल्या चारही बाटल्या रात्रभर बाल्कनीत ठेवल्या.

मागच्या सात त्याच्या आईच्या, कुसुमताईंच्या. एक भाग गूळ, तीन भाग संत्र्यामोसंब्यांच्या साली, दहा भाग पाणी. हे मिश्रण नव्वद दिवस आंबवायचं, गाळायचं आणि फरशी पुसायला वापरायचं. सोसायटीतल्या बायका त्याला एन्झाइम म्हणत. कुसुमताईंनी त्यासाठी गौरांगच्या बिअर चाखायच्या मागच्या बैठकींतल्या रिकाम्या बाटल्या धुऊन घेतल्या होत्या. एरवी त्या बाल्कनीत पुढे असत. शनिवारी गौरांगने त्या मागे सरकवल्या आणि आईला बजावलं, की माझ्या बाटल्यांना हात लावायचा नाही. कुसुमताईंनी लावला नाही.

त्या दिवशीची बैठक साधी नव्हती. पिंपळगाव बसवंतचा धनराज येणार होता. द्राक्षं, कोल्ड स्टोरेज आणि पॅकहाउस सांभाळून तो महामार्गावर बिअरचं दुकान काढत होता, नळावरून ताजी बिअर देणारं. मेन्यूवर प्रत्येक बिअरचं वर्णन लिहायला आणि शनिवार-रविवारी गिऱ्हाइकांना ती समजावून सांगायला त्याला एक माणूस हवा होता. उमेदवार दोन. एक गौरांग. दुसरा शेखर; हा आठ वर्षं पर्यटकांना वाइनच्या मळ्यांतून फिरवत होता आणि वाइनमध्ये आता कोणीही येतं या कारणाने दोन वर्षांपूर्वी बिअरकडे वळला होता. गौरांगला हे काम इतकं हवं होतं, की त्याने सॉफ्टवेअर कंपनीतल्या टीमला आपण निघालो असं सांगून टाकलं होतं. टीमने निरोपाचा केक कापून खाल्लासुद्धा होता. ‘चव-सल्लागार’ असं लिहिलेली पाचशे कार्डं कपाटात तयार होती.

तयार आणखीही काही होतं. चारही बाटल्यांची वर्णनं गौरांगने गुरुवारीच लिहून ठेवली होती. बाटल्या शनिवारी आल्या, म्हणजे चव दोन दिवस आधीच पूर्ण झाली होती.

साडेनऊला मैना फरशी पुसायला आली. पाहुणे येणार म्हणून आज जरा सढळ हाताने घाल, असं कुसुमताईंनी तिला स्वयंपाकघरातूनच सांगितलं. मैनाने नेहमीप्रमाणे पुढच्या ओळीतली एक बाटली उचलली. झाकण फट्‌कन उडालं, बादलीत कधी नव्हे तो फेस आला, आणि फेसावर खूश होऊन तिने अख्खी बाटली ओतली. ओल्या हातांनी सुटलेला स्टिकर मोरीतून वाहून गेला. हॉल नेहमीपेक्षा दुप्पट मन लावून पुसला गेला.

दहा वाजता नाना बाल्कनीत आले. नाना म्हणजे गौरांगचे वडील. छापखान्यातून निवृत्त होऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती, पण तिथे छत्तीस वर्षं मोजणी केलेला डोळा निवृत्त झाला नव्हता. चार बाटल्या आहेत ना बघून टेबलावर मांडा, एवढंच गौरांगने आंघोळीला जाताना त्यांना सांगितलं होतं. नानांना 1, 2 आणि 4 सापडले. मालिकेतला आकडा गाळलेला त्यांना आयुष्यात सहन झाला नव्हता. त्यांनी मागच्या ओळीतली एक बाटली घेतली, पुसली, तिच्यावर स्टिकर लावला आणि निळ्या शाईने सुबक अक्षरात ‘३’ लिहिलं. मग चार बाटल्या टेबलावर मांडल्या आणि दोनदा मोजल्या. चारच होत्या.

अकराला धनराज आला. त्याच्या मागोमाग शेखर आला आणि दारातच त्याने डोळे मिटून श्वास घेतला.

“काय सुरेख वास आहे रे घरात. धूप लावलास का काही?”

“नाही,” गौरांग म्हणाला. “फरशी पुसलीय.”

बैठक सुरू झाली. दाढीत कोथिंबिरीचं पान अडकलंय हे माहीत नसलेला माणूस ज्या गांभीर्याने बोलतो, त्या गांभीर्याने गौरांगने प्रस्तावना केली. “धनराजभाऊ, सेझाँ ही मुळात शेतावरची बिअर. हिवाळ्यात करून ठेवायची, उन्हाळ्यात मजुरांना द्यायची. म्हणून तिला शेताचा वास असतो.”

“कुठल्या शेताचा?”

“म्हणजे?”

“कांद्याच्या शेताचा येगळा असतो, द्राक्षाच्या येगळा,” धनराज म्हणाला.

गौरांगने जरा विचार केला. “बेल्जियमच्या,” तो म्हणाला.

पहिल्या बाटलीत गौरांगला लवंग आणि पांढरी फुलं सापडली. शेखरला ती आधीच सापडली होती, शिवाय एक नासपती. धनराजला बिअर सापडली. “बरी हाय,” तो म्हणाला. दुसऱ्या बाटलीबद्दलही त्याने तेच सांगितलं आणि शेंगदाण्याची वाटी पुढे ओढली. शेखर एका छोट्या वहीत गुण लिहीत होता, दहापैकी साडेसहा, दहापैकी सात, आणि वही हाताने झाकत होता.

तिसरी बाटली गौरांगची खास होती. तिच्या वर्णनावर त्याने गुरुवारचे दोन तास घालवले होते, म्हणून ती ओतताना तो उभा राहिला. ग्लासात गढूळ सोनेरी द्रव उतरला. फेस आला नाही.

“फेस नाही,” शेखर म्हणाला. “जुनी पद्धत.”

“जंगली यीस्ट,” गौरांग म्हणाला आणि त्याने कागद उघडून वाचलं: “संत्र्याची साल. ओलं गवत. नुकताच धुतलेला गोठा. जिभेवर धार. आणि शेवट ठणठणीत कोरडा, साखरेचा कणही नाही.”

तिघांनी घोट घेतला. शेखरचा डावा डोळा आपोआप मिटला आणि तो उघडायला सुमारे चार सेकंद लागले. “थर आहेत,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “एकावर एक थर आहेत.” गौरांगच्या दातांना आंबटपणाने झिणझिण्या आल्या. हीच ती धार असणार, असं त्याने स्वतःला सांगितलं. धनराजने घोट गिळला, ग्लास उजेडात धरला, पुन्हा एकदा हुंगला आणि खाली ठेवला.

आणि तेव्हा गौरांगची नजर बाटलीवरच्या आकड्याकडे गेली. त्याने स्वतः लिहिलेले आकडे इंग्रजी होते. हा तीन मराठी होता, निळा होता आणि त्याला नानांनी शेपटी काढली होती.

बिस्किटं आणतो म्हणून तो आत गेला. बाल्कनीत मागच्या ओळीत सहा बाटल्या उभ्या होत्या, आणि मोरीजवळ एक रिकामी, उपडी. कुसुमताई कोथिंबीर वडी तळत होत्या. त्यांनी सरळ सांगितलं, की माझ्या सात होत्या, एक मैनाने वापरली, सहा राहिल्या. नानांनी सरळ सांगितलं, की तुझ्या तीनच होत्या, मी चार केल्या. मैना भांडी घासत होती; तिने न विचारता सांगितलं, “आज फेस लय भारी आला दादा. रोज हेच आणा.”

“आई,” गौरांगने हळूच विचारलं, “ते प्यायलं तर काय होतं?”

“कोण पिणार? संडासात घालायचं असतं ते. अर्ध्या बादलीला दोन झाकणं.”

गौरांग बिस्किटं घेऊन बाहेर आला. सांगून टाकावं असं त्याला दारापर्यंत वाटत होतं. दारात त्याला दिसलं, की शेखरने दुसरा ग्लास भरून घेतलाय आणि वही उघडी टाकलीय. साडेनऊ गुण होते. प्रतिस्पर्ध्याने साडेनऊ गुण दिलेली बाटली खोटी आहे असं कोणता शहाणा माणूस सांगेल? गौरांग खाली बसला आणि त्याने एक बिस्कीट खाल्लं.

“हे कशापासून करतेत?” धनराजने विचारलं.

“बार्ली, गहू,” गौरांग म्हणाला. “आणि संत्र्याची साल.”

“अन् गूळ.”

“गूळ असू शकतो,” गौरांग म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते.

“गूळ नाही हं,” शेखर मधे पडला. “बेल्जियममध्ये गूळ कुठला? हा मध आहे. रानातला. मला अगदी ते झाड दिसतंय.”

धनराजने स्वयंपाकघराच्या दिशेने हाक मारली. “मावशी, जरा इकडं या.” कुसुमताई वड्यांची ताटली घेऊन बाहेर आल्या. धनराजने ग्लास पुढे केला. “हे किती दिवस आंबवलंय?”

कुसुमताईंनी वास घेतला. “नव्वद. पण हे ग्लासात कुणी ओतलं?” मग त्यांनी तिन्ही ग्लास पाहिले, त्यांतला एक जवळजवळ रिकामा. “प्यायलात की काय तुम्ही?”

“एकच घोट. माझी आई बी करती,” धनराज म्हणाला. “आमच्या पॅकहाउसचे क्रेट याच्यानंच धुतो. पण तुमचं लय स्वच्छ झालंय. महिन्याला वीस लिटर जमंल का? दुकानाच्या संडासांना पाहिजे.”

त्यावर साल कोणती, गूळ काळा की पिवळा, अशी दोघांची पाच मिनिटं चर्चा झाली. त्या दिवसातली चवीविषयीची ती एकमेव जाणकार चर्चा होती. शेखरने या वेळात वही खिशात घातली, रुमालाने जीभ पुसली आणि फेस नाही हे सगळ्यात आधी मीच म्हटलं होतं, याची सर्वांना आठवण करून दिली.

कुसुमताई आत गेल्यावर धनराज गौरांगकडे वळला. “तू जे वाचलं ते याच्याबद्दल का?”

“नाही भाऊ. ते खऱ्या तीन नंबरबद्दल. ती बाटली अगदी तशीच आहे.”

“मंग कुठंय ती?”

गौरांगने खाली बोट दाखवलं. तिघांनी फरशीकडे पाहिलं. धनराजने सवयीने पाय वर घेतले. मैनाचा फेस आणि नानांची मोजणी हे सगळं गौरांगला सांगावं लागलं, आणि ते सांगून झाल्यावर शेखर पहिल्यांदा मनापासून हसला.

“म्हणजे चव कुणीच घेतली नाही,” तो म्हणाला. “आणि म्हणे साखरेचा कणही नाही. अरे, पुण्याच्या या लोकांच्या बिअरमध्ये चिक्कार साखर असते. कोरडी कसली डोंबलाची.”

“नाही,” गौरांग म्हणाला. त्याला दुसरं काही म्हणता येण्यासारखं नव्हतं. “कोरडीच आहे.”

धनराजने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “हे बघा, गोठ्याचा वास मला तुम्ही शिकवू नका, माझ्याकडं चार म्हशी हायेत. पण साखर मला कळते. द्राक्ष मी साखर मोजून तोडतो. मीटर गाडीत पडलंय, पण फरशीवरची कशी मोजणार?” त्याने एक वडी उचलली. “तर मुंग्यांना इचारू. उद्या अकरापर्यंत मुंग्या आल्या तर शेखरभाऊंचं खरं, मेन्यू त्यांनी लिहायचा. नाय आल्या तर यानं. मोजणार कोण?”

नाना आधीच दारात उभे होते.

त्यांनी काम लगेच हातात घेतलं. वड्या ताटलीवरच खायच्या, असा नियम झाला. घरात मुंग्या आहेतच हे सिद्ध व्हायला हवं, म्हणून खिडकीखालच्या एका फरशीवर त्यांनी साखरेच्या पाण्याचा एक थेंब टाकला आणि भोवती खडूने चौकोन आखला. मैनाला सोमवारी येऊ नकोस म्हणून सांगण्यात आलं. कुसुमताईंच्या सहाही बाटल्या कुलपात गेल्या. गौरांगला हॉलमध्ये चहा पिण्याची मनाई झाली.

दुपारी गौरांगने खोलीचं दार लावून लॅपटॉप उघडला. गुरुवारी ज्या पानावरून त्याने वर्णनं जमवली होती, ते त्याला पुन्हा बघायचं होतं. संत्र्याची साल सापडली. ओलं गवत सापडलं. गोठा सापडला. कोरड्या शेवटाचं वाक्य मात्र एका दुसऱ्याच बिअरखाली होतं. कानाला बरं वाटलं म्हणून त्याने ते उचललं होतं. त्याने पान बंद केलं. कपाट उघडून पाचशे कार्डांकडे पाहिलं आणि कपाटही बंद केलं. संध्याकाळी त्याने टीममधल्या एकाला फोन करून, माझी खुर्ची अजून तिथेच आहे का, असं सहज विचारलं. तिच्यावर नव्या मुलाची बॅग आहे असं कळलं.

सोमवारी पावणेअकराला शेखर स्वतः पाहायला आला. तो मोजे घालून आत आला आणि गुडघ्यांवर बसून त्याने सोफ्याखाली मोबाइलचा उजेड टाकला. ठीक अकरा वाजता नानांनी चष्मा पुसला, दारापासून सुरुवात केली आणि ते ओळीने एकेक फरशी तपासत खिडकीपर्यंत गेले. मग उलट दिशेने पुन्हा मोजलं. दोन्ही आकडे जुळल्यावर त्यांनी वहीचं पान फाडून त्याचा फोटो धनराजला पाठवला. पानावर निळ्या शाईत लिहिलं होतं:

हॉल, एकूण फरश्या १२०. साखरेच्या थेंबाची फरशी: मुंग्या ६३. उरलेल्या ११९ फरश्या: मुंग्या ०.