तिरक्या गोधडीची सिद्धता

आमच्या शेजारचे दिगंबर सर वांगीसुद्धा सरळ घेत नाहीत. "पक्ष काय? वांगी ताजी हायेत. साध्य काय? आत कीड न्हाई. करा सिद्ध." भाजीवाली म्हणते, "सर, घ्यायची तर घ्या, न्हाईतर गिऱ्हाइकाला वाट द्या." जन्मभर गणित शिकवलं. रिटायर झाले ते शाळेतून, गणितातून नाही. आमच्या पिंगळी गावातली पोरं त्यांना बघून गल्ली बदलतात. मी चौथी पास, गुडघे दुखतात, पळता येत नाही. म्हणून सगळं मला ऐकवतात.

त्यांची बायको सुमन गोधड्या शिवायची. शेवटच्या गोधडीच्या वेळी नजर गेलेली, म्हणून ती तिरकी झाली. सर हसायचे, "सुमन, हा तर समांतरभुज चौकोन झाला." ती म्हणायची, "पांघरायला गणित कशाला लागतंय?"

तिच्या वर्षश्राद्धाला दोन्ही लेकी आल्या. दोघींनाही तीच गोधडी पाहिजे. धाकटी रडायलीय, थोरली तोंड फुगवून बसलेली. सरांनी गोधडी ओट्यावर अंथरली आणि खडूनं या कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली.

"कर्णावर कापू. दोन्ही त्रिकोण एकरूप. कुणाला कमी न्हाई."

मी गोधडी रेघेवर दुमडून बघितली. कोपरे जुळेनात.

"सर, तुमचं गणित चुकलं. एकीला जास्त जायलंय."

सर खूश! सुमन गेल्यापासून असा चेहरा बघितला नव्हता.

"गयाबाई, दुमडून जुळत न्हाई. कापून एक तुकडा अर्धा फेरा फिरवला, की बरोबर बसतो. समोरासमोरच्या बाजू सारख्या, अन् मधली रेघ दोन्हीकडं तीच. बाबाबा कसोटी!"

मला वाटलं जीभ अडखळली. थोरली म्हणाली, "तीन बाजूंची कसोटी हाय ती, मावशी. पटलं नाना, कापा."

मी कात्री आणून दिली. सरांनी ती रेघेवर टेकवली. सुमनच्या वेड्यावाकड्या टाक्यांवरून बोट फिरवत राहिले. मग कात्री माझ्याकडं सरकवली.

"एकदा सिद्ध झालं, की कापून बघायची गरज नसते."

"मग आमाला काय मिळालं?" धाकटी म्हणाली.

थोरलीनं तिला कोपरानं ढोसलं. गोधडी झटकून बापाच्या खाटेवर टाकली.

"राहू द्या नाना, तुमच्यापाशीच."

कुणाचं मन बदलायच्या आत सर जाऊन गोधडीवर बसले. लेकी निघाल्या तरी उठले नाहीत. स्टेशनापर्यंत मलाच जावं लागलं.