सासूबाईंसह लष्करी ताफ्यात

लष्कराने मोडीत काढलेल्या ट्रकांमधलं मला जेवढं कळतं, तेवढं खुद्द लष्करालाही कळत नाही, असं माझं स्पष्ट मत होतं. बायकोचं मत वेगळं होतं, पण ती ट्रकच्या खाली कधी गेलेली नाही.

पोटासाठी मी चष्म्याचं दुकान चालवतो. आठवडाभर तिळाएवढे स्क्रू पिळायचे आणि सुट्टीच्या दिवशी मुठीएवढे नट. लिलावातून आणलेला माझा ट्रक घराशेजारच्या मोकळ्या जागेत उभा केला, तेव्हा तो ट्रक आहे हे लोकांना सांगावं लागायचं. मी त्याला पॉवर स्टिअरिंग बसवलं, ब्रेक बदलले, आरामबसच्या गुबगुबीत सीटा टाकल्या. फक्त रंगाच्या बाबतीत मी कुणाचं ऐकलं नाही.

"अहो, पिवळा द्या ना. जरा प्रसन्न वाटेल," बायको म्हणाली.

"हा काय आइस्क्रीमचा गाडा आहे?"

मी अस्सल फौजी हिरवा रंग दिला. बंपरवर पांढरे आकडेसुद्धा काढले. ट्रक कोरा करकरीत असतानाही इतका फौजी दिसला नसेल.

तेवढ्यात मेहुण्याने घर बदलायचं काढलं. तो टेम्पो ठरवायला निघाला होता, मी त्याला अडवलं. "घरात ट्रक असताना टेम्पो? लोक हसतील." मेहुणा मला पुरता ओळखून आहे, पण बहिणीच्या नवऱ्याला नाही कसं म्हणणार? सामान चढलं. सासूबाई मात्र काचेच्या कपाटाला सोडायला तयार होईनात. शेवटी मागे ताडपत्रीखाली कपाटाशेजारी आरामखुर्ची ठेवली आणि तिच्यात त्यांना बसवलं. मेहुणा स्कूटरवरून पुढे गेला. बायको माझ्या शेजारी.

मोठ्या चौकात सगळी वाहनं थांबवलेली होती. लष्कराचा ताफा चालला होता. मीही थांबलो. इतक्यात वाहतूक पोलिसाची नजर आमच्यावर पडली आणि तो शिट्टी फुंकत धावत आला.

"मागे काय राहिलात? चला, चला, ताफा तुटतोय."

"अहो साहेब, मी चष्म्याच्या..."

"चष्मा नंतर शोधा. आधी गाडी काढा."

त्याने दोन ट्रकांच्या मधे आम्हाला असं काही बसवलं की पुढे फौज, मागे फौज.

"आपल्याला डावीकडे वळायचं होतं," बायको म्हणाली.

"माहीत आहे."

"मग वळा."

"कुठे वळू? मागचा ट्रक अंगावर येईल."

खरं सांगू का, मला वळायचंही नव्हतं. रस्त्याच्या कडेला माणसं हात हलवत होती, मीही हलवत होतो. माझ्या ट्रकचा आवाज बाकीच्यांपेक्षा गोड येत होता. मागे ताडपत्रीच्या फटीतून बाहेर बघत सासूबाई म्हणाल्या, "या भागातली माणसं फार प्रेमळ दिसतात हो." म्हणजे त्याही हात हलवत होत्या.

छावणीच्या दारात पहारेकरी एका दूधवाल्याच्या कॅनमध्ये डोकं घालून तपासणी करत होता. आम्हाला पाहताच त्याने खाडकन सलाम ठोकला. मीही ठोकला.

"तुम्ही कशाला सलाम केलात?" बायको कुजबुजली.

"मग काय त्याला नंबर विचारू चष्म्याचा?"

आत सगळे ट्रक ओळीत लागले. हुकूम झाला आणि सगळ्या ताडपत्र्या एकदम वर गेल्या. बाकी ट्रकांमध्ये पेट्या होत्या.

"साहेब," एक जवान ओरडला, "यात एक आजी आहेत. खुर्चीवर."

मिशीवाले मोठे साहेब आले. सासूबाईंनी विचारलं, "आलं का घर?"

"या कोण?" साहेबांनी मला विचारलं.

"माझ्या सासूबाई."

"आणि आपण?"

"चष्मेवाला."

साहेबांनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. आम्ही तरीही तिथेच होतो.

आमचे फोन काढून घेण्यात आले आणि साहेब लोकांची बैठक बसली. त्यांची अडचण मला हळूहळू कळली. छावणीत चिमणीही शिरू शकत नाही, असं त्यांनी नुकतंच वरच्या साहेबांना छातीठोकपणे सांगितलं होतं. मग एक ट्रक, एक काचेचं कपाट आणि एक सासू आत शिरली, हे सांगणार कोण?

"तुम्ही आत आलाच नाहीत," साहेबांनी निकाल दिला. "समजलं?"

"समजलं. पण मग बाहेर कसे जाणार?"

याच्यावर पुन्हा बैठक बसली. लष्कराचा ट्रक परवानगीवाचून बाहेर सोडता येत नव्हता. तेव्हा तो लष्कराचा दिसता कामा नये, असं ठरलं. रंग बदलायचा. पण कोठीत रंग नव्हता. रस्त्याकडेच्या दगडांना लावायचा चुना मात्र पिंपं भरभरून होता.

जवान बादल्या घेऊन आले. सासूबाईंच्या अंगावर शिंतोडे उडू नयेत म्हणून एकाने त्यांना पांढऱ्या चादरीत नीट गुंडाळलं, त्यांना चहाही दिला. चहा संपेपर्यंत माझा हिरवा रंग संपला होता.

"टायरही?" एकाने विचारलं.

"टायरही," साहेब म्हणाले.

आजवर मला पुष्कळ लोकांनी चुना लावला, पण इतक्या शिस्तीत कुणी नाही. बाहेर पडताना त्याच पहारेकऱ्याने मला "ए, इकडे कुठे घुसलास?" म्हणून हाकलून दिलं.

मेहुण्याच्या नव्या घरासमोर पोहोचलो, तर अख्खी इमारत खाली जमलेली. आमचे फोन लागेनात, म्हणून त्याने घाबरून शेजाऱ्यांना गोळा केलं होतं. गल्लीतून एक पांढराशुभ्र ट्रक सावकाश आत आला. लोक आपोआप बाजूला झाले. मी खाली मान घालून उतरलो. बायकोचे डोळे चुन्याने लाल झाले होते. मी ताडपत्री वर केली. आत खुर्चीवर, पांढऱ्या चादरीत, मान एका बाजूला टाकून सासूबाई. चहानंतर त्यांना गाढ झोप लागली होती.

मेहुणा मटकन पायरीवर बसला. एका वयस्कर शेजाऱ्यांनी टोपी काढली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"फार वाईट झालं. कधी झालं?"

"अजून व्हायचंय," चादरीतून आवाज आला. "आधी ते कपाट उतरवा. आणि खालून धरा."

त्या शेजाऱ्यांना दोघांनी धरून घरी पोहोचवावं लागलं. बाकी सामान सुखरूप उतरलं.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी चुना खरवडायला बसलो होतो. एक अनोळखी गृहस्थ आले, ट्रकभोवती फिरले, आतल्या सीटा दाबून पाहिल्या.

"गाडी आपलीच ना?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

चला, कुणीतरी जाणकार भेटला. मी अभिमानाने हो म्हणालो.

"घरी काकांचं आता काही खरं दिसत नाही," ते म्हणाले. "आधीपासून सांगून ठेवावं लागतं, की झाल्यावर फोन केला तरी चालतो?"