समुद्रतळाचे सखोल निरीक्षण

विद्यार्थ्याला शिकण्याची उपजतच ओढ असते, हे शिक्षणशास्त्राचे पहिले तत्त्व आहे. ही ओढ वर्गात आजवर कोणाला दिसलेली नाही. पण हवा तरी कुठे दिसते? न दिसणाऱ्या गोष्टीसाठी उपकरण लागते, म्हणून चियाई शहराच्या कडेला असलेल्या एका शाळेला वरून तीस व्हीआर चष्मे आले. हा चष्मा डोळ्यांवर चढवला की मूल बसल्या जागी समुद्राच्या तळाशी जाते. (तोवर मुलांना तळाशी नेण्याचे काम गणित हा विषय एकटाच करीत होता.)

चष्म्यांबरोबर एक अटही आली. मुलांची 'शिकण्याची इच्छा' नव्वद टक्क्यांच्या वर दिसली तर चष्मे राहतील, नाही तर नदीपलीकडच्या शाळेत जातील. ही इच्छा दाखवण्याचे काम भूगोलाच्या फू पेइ-शान बाईंकडे आले. फू बाई हंगामी. दर उन्हाळ्यात त्यांची नोकरी संपे आणि दर उन्हाळ्यात परीक्षा देऊन त्या तीच नोकरी पुन्हा मिळवत. मुख्याध्यापक थांग यांनी त्यांना मायेने सांगितले की चष्मे कायम झाले तर बाईही कायम होतील. उलट झाले तर काय, हे सांगण्याइतके ते निर्दय नव्हते.

इच्छा होती, चष्मे होते, फक्त तास नव्हता. परीक्षेचे विषय शिकवणारे शिक्षक एक मिनिट सोडायला तयार होईनात. शेवटी थांग सरांनी बाईंना दुपारची झोप देऊन टाकली. जेवणाचे डबे आवरले की दिवे मालवतात, पडदे ओढले जातात आणि अख्खी शाळा बाकावर डोके टेकून झोपते. यात ऐच्छिक काही नाही. शिस्तीचे सर व्हरांड्यातून फिरत असतात आणि ज्याची मान वर दिसेल त्याच्या वर्गाचे गुण कापतात. पहिलीपासून हा संस्कार झाल्यामुळे पोटात भात आणि डोळ्यांपुढे अंधार आला की इथल्या माणसाची मान आपोआप खाली जाते.

पहिल्याच दिवशी मुलांनी चष्मे चढवले आणि काही मिनिटांत माना टाकल्या. फू बाईंनी कायम होण्याची आशा सोडली. पण यंत्राने तक्ता काढला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मान कुठे वळते त्यावरून यंत्र लक्ष मोजते. खाली मान म्हणजे समुद्रतळ. तीसपैकी एकोणतीस मुले तासभर पापणीही न हलवता समुद्रतळाचे निरीक्षण करीत होती. शिकण्याची इच्छा: शहाण्णव पूर्णांक सात टक्के. शेरा: असामान्य एकाग्रता.

उरलेली एक म्हणजे चिउ रो-थुंग. ही मुलगी मान वर करून इकडेतिकडे पाही, कारण देवमासा वरून जात होता. यंत्राने तिला 'चंचल' ठरवले.

शेजारच्या बाकावरच्या आ-च्येने तिला समजावून पाहिले. "गप मान खाली घाल की गं. तुझ्यापायी वर्गाची टक्केवारी घसरतेय."

"अरे, पण देवमासा वर आहे."

"असेना. परीक्षेत येणार आहे का तो?"

तपासणीला राजधानीहून, तैपेईहून, लुओ साहेब आले. त्यांना आधी चियाईची खासियत असलेला, टर्की पक्ष्याचे मांस घातलेला टर्की-भात दोन वाडगे खिलवण्यात आला. (पाहुणचार हा तपासणीचा भाग नसून पाया आहे.) साहेबांनी स्वतः चष्मा चढवला, दिवे मालवले, आणि साहेबही याच देशातल्या शाळेत शिकलेले असल्यामुळे त्यांची मान खाली गेली. मग वर्गात एक घनगंभीर आवाज घुमू लागला.

रो-थुंगने चष्मा काढला. "बाई, देवमासा असा आवाज काढतो?"

दारात उभ्या थांग सरांचा चेहरा पांढराफटक पडला. फू बाईंनी सरांकडे पाहिले, साहेबांकडे पाहिले. इतक्या वर्षांत त्यांना कोणी विचारलेला हा पहिला खरा प्रश्न होता, आणि तो आजच यायचा होता.

"झोपलेला काढतो," बाई म्हणाल्या.

साहेब जागे झाले ते प्रसन्न मुद्रेने. ध्वनियोजना अप्रतिम आहे, अगदी छातीत घुमते, असे त्यांनी नमूद केले. त्यांची स्वतःची एकाग्रता शंभर टक्के भरली होती.

फू बाई कायम झाल्या. चष्मे आता सगळ्या वर्गांना, सगळ्या तासांना आहेत. रो-थुंगला एकाग्रता सुधारण्यासाठी रोज शाळेनंतर जादा तासाला बसवतात; तिथे ती मान खाली घालायला शिकते आहे आणि प्रगती समाधानकारक आहे. बाईंना वाईट वाटले, फार वाईट वाटले. मग त्यांनी नेमणुकीचा कागद पुन्हा एकदा वाचला आणि जरा कमी वाटले.

आता योजना देशोदेशी न्यायची आहे. त्यासाठी पालकांची आणि सुजाण वाचकांची संमती लागते, तीही याच शास्त्रशुद्ध पद्धतीने मोजली जात आहे. प्रस्तुत मजकूर सुरू झाल्यापासून आपली मान खाली आहे, हे नोंदले गेले आहे. कोणाची हरकत असेल तर त्यांनी आत्ता मान वर करावी.

(कोणीही केली नाही. आभारी आहोत.)