गरम पावाचं अंतर

ग्रंथपाल सी मुफद्दलच्या मेजावर तीन आठवडे एक पत्र उत्तराविना पडून होतं. जास्त अवघड गोष्ट अशी, की ते पत्र त्याच्याच हस्ताक्षरात होतं.

पत्र लल्ला रहमाचं. नगरपालिकेच्या ग्रंथालयासमोरच तिची भट्टी. सकाळी अख्खा मोहल्ला कणकेचे गोळे फळीवर मांडून तिच्याकडे पाठवायचा आणि दुपारी भाजलेले पाव घेऊन जायचा. नगराध्यक्ष हाज तुहामीने ही भट्टी बंद करून मोठ्या रस्त्यावरच्या आपल्या मेव्हण्याच्या बेकरीला गिऱ्हाईक मिळवून द्यायचं ठरवलं, तेव्हा रहमा हाताचं पीठ झटकत ग्रंथालयात शिरली.

"सी मुफद्दल, माझी भट्टी वाचेल का?"

ग्रंथपाल दचकला. "कायदा कुठल्या पुस्तकात आहे ते मी सांगेन. पुढं काय होईल ते वकील सांगतो. आम्हाला सल्ला द्यायला बंदी आहे, लल्ला. तुम्ही असं करा, लेखी द्या."

"लिहिता-वाचता येत असतं तर आगीपुढं तोंड भाजून घेत बसले असते का? तुम्हीच लिहा."

म्हणून त्याने लिहिलं, तिने अंगठा उठवला आणि त्याने ते पत्र स्वतःच्याच नावे दाखल करून घेतलं. 'माझी भट्टी वाचेल का? हो की नाही, एवढंच कळवा.' शेवटी रहमाने आणखी एक ओळ घालायला लावली होती: 'फार विचार करू नका.'

त्याने फार विचार केला. स्पॅनिश अमलातल्या नगरनियमांत एक कलम सापडलंही होतं. पण मधे कधी ते रद्द झालं असेल तर? तो राजपत्राचे खंड उपसत राहिला. रोज सकाळी आपली कणकेची फळी रहमाच्या हाती देताना मात्र तो छताकडे बघायचा.

मग नगरपालिकेच्या सभेचा दिवस आला. हाज तुहामी छाती काढून उभा राहिला. "म्हणे भट्टी बंद करता येत नाही! आहे का तसा कायदा? विचारा की आपल्या ग्रंथपालांना!" आणि हसत खाली बसला. ग्रंथपालाने सभेत तोंड उघडल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

पण 'कायदा आहे का' हा ग्रंथपालालाच विचारायचा प्रश्न होता. सी मुफद्दलचं तोंड सवयीने चालू झालं.

"आहे. खंड दुसरा, कलम सतरा. नवी भट्टी इतक्या अंतरावर हवी, की तिथून निघालेला पाव मोहल्ल्यातल्या कारंज्यापाशी गरम पोचेल. नाहीतर जुनी बंद करता येत नाही. मात्र नंतरचे दोन खंड वाळवीने खाल्लेत, तेव्हा माझी खात्री..."

"पुरे, पुरे!" हाज तुहामी म्हणाला. "एवढंच ना? गुरुवारी मी स्वतः पाव घेऊन चालतो. तुम्ही पुस्तक घेऊन कारंज्यापाशी थांबा आणि काय होतं ते लिहा."

गुरुवारी मेव्हण्याच्या बेकरीतून वाफाळत्या पावांची फळी निघाली. हाज तुहामीने ती डोक्यावर घेतली, कारण निवडणूक तोंडावर होती. पण आपल्याकडे वाटेत ज्याच्या नाकात पावाचा वास गेला त्याला तुकडा द्यावा लागतो, आणि तोंडावर आलेल्या निवडणुकीत तर अख्खा पाव द्यावा लागतो. न्हावी दारात आला. "हाज, काय वास सुटलाय!" पुढं गरोदर बाई, तिच्यामागं तिची सासू. मग कातडीवाले, मग कातडीवाल्यांचे पाहुणे. कारंज्यापाशी पोचला तो पावांवरचा नुसता फडका.

"परत!" हाज गरजला.

तोवर बातमी पसरली होती. दुसऱ्या खेपेला अर्धा मोहल्ला भिंतीला पाठ लावून जोरजोरात श्वास घेत उभा होता. फळी निम्म्या वाटेतच हलकी झाली.

"गाडीनं या, हाज!" कुणीतरी ओरडलं.

"गल्लीत गाढव वळत नाही, गाडी कुठून वळेल?" दुसऱ्याने उत्तर दिलं.

तिसऱ्या वेळी हाज रिकाम्या हाताने, गुणगुणत आला. कारंज्यासमोर थांबून त्याने आपल्या पायघोळ जेलाब्याच्या पाठीवर लोंबणाऱ्या टोपड्याकडे बोट दाखवलं. "आत एक पाव आहे. मान भाजतेय माझी. या ग्रंथपाल, हात लावून बघा!"

सी मुफद्दलने पुस्तक काखेत मारलं. समोर भट्टीच्या दारात रहमा उभी होती. आता हात लावायचा, आणि गरम तर गरम लिहायचं. खोटं लिहिण्याची त्याला सवय नव्हती. त्याने हात पुढं केला.

"अरे तुहामी," कारंज्याच्या कठड्यावर घागर टेकवत हाजची म्हातारी आत्या बतूल म्हणाली, "सगळ्या गावाला पाव वाटलास, आत्याला सलाम नाही?"

भर मोहल्ल्यात आत्याच्या हाताचं चुंबन न घेऊन कसं चालेल? हाज कमरेत वाकला. टोपडं डोक्यावरून पुढं आलं आणि पाव डुबुक करून हौदात पडला.

बतूलने तो बाहेर काढून दाबला. "थंडगार आहे रे."

सगळे ग्रंथपालाकडे बघू लागले. त्याने चष्मा पुसला आणि लिहिलं: 'पाव पोचला. थंड. ओलाही होता, पण ओलेपणाबद्दल कलमात काही म्हटलेलं नाही.'

"पुन्हा चाचणी!" हाज ओरडला.

मेव्हणा त्याच्या कानाशी लागला. "नको, भाऊजी. माझं पीठ संपलं."

लोक पांगल्यावर रहमाने सी मुफद्दलला गाठलं. "मग? वाचली ना भट्टी?"

"लेखी कळवतो," तो म्हणाला.

ग्रंथालयात जाऊन त्याने चार कागद फाडले. पाचव्यावर लिहिलं: 'हो. हे मत ग्रंथालयाचं नाही, तुमच्या शेजाऱ्याचं आहे.' पाकिटावर त्याने तिकीट लावलं आणि टपाल कचेरीपर्यंत चालत जाऊन ते पेटीत टाकलं. तिथून ते जिल्ह्याच्या गावी जाणार होतं, शिक्का खाऊन परत येणार होतं आणि समोरच्या दारात पोचणार होतं.

तो परतला तेव्हा रहमा भट्टीच्या उंबऱ्यावर उभीच होती.

"टाकलं पेटीत," त्याने सांगितलं. या खेपेला तो छताकडे बघत नव्हता.

"बरं झालं," रहमा म्हणाली. "आलं की तुमच्याकडेच आणते. वाचून दाखवा."