जेवणाच्या वेळचा चोर

रुग्णवाहिकांच्या वायरलेसवर कुणीतरी जेवत होतं. तक्रारच तशी आली होती. चालक पत्ता विचारत असताना मध्येच एक पुरुष पुटपुटे, "भाजी अळणी झालीय." नाहीतर, "आमचा साहेब नुसती खुर्ची गरम करतो."

हवा सगळ्यांची असली, तरी तिच्यातल्या लहरी सरकार वाटून देतं. विमानांच्या वेगळ्या, पोलिसांच्या वेगळ्या, रुग्णवाहिकांच्या वेगळ्या. दुसऱ्याच्या लहरीवर बडबडणाऱ्याला हुडकून काढणं हे तपासनीसाचं काम. छपरावर अँटेना लावलेल्या गाडीतून तो गल्लीबोळ पालथे घालत होता आणि रोज हात हलवत परत येत होता. तो घराबाहेर पडला की आवाज बंद, घरी जेवायला बसला की चालू. चोर आपल्यावर पाळत ठेवून आहे, याबद्दल त्याला शंकाच उरली नव्हती. चोराची कीवही येई. बिचाऱ्याचा साहेब अगदी आपल्या साहेबासारखा दिसतोय, असं तो ड्रायव्हरला म्हणालाही.

साहेबांनी मात्र निर्वाणीचं बजावलं होतं. या आठवड्यात चोर सापडला नाही, तर बदली डोंगरावरच्या टॉवरवर. तिथे ना वस्ती, ना शेजार; लहान मुलाला नेण्यासारखी जागाच नाही. तपासनीसाच्या तोंडचं पाणी पळालं. मूल उशिरा झालेलं, लेक आत्ता कुठे भिंत धरून उभी राहत होती. तिचं पहिलं पाऊल आपल्याला दिसणार नाही, याचीच त्याला धास्ती.

"एकच लहर दोघांना देता येते," त्या दिवशी ताटावर तो बायकोला सांगत होता. "मध्ये अंतर हवं, बस. इथली रुग्णवाहिकांची लहर डोंगरावर मोकळीच पडलीय. परवाना मागितला तर कुणालाही मिळेल."

समोर बसलेल्या सासऱ्यांनी मान डोलावली. त्यांना ऐकू कमी येई. जेवताना ते हेडफोन लावून बसत. गाणी ऐकतात, अशी जावयाची समजूत होती.

रविवारी साहेब स्वतःच तपासाला निघाले. तपासनीसाला घ्यायला गाडी दाराशी आली, तेव्हा तो जेवत होता. "आला सुट्टीचा सत्यानाश करायला," तो ताटात बघून पुटपुटला.

साहेब आत आले ते गळ्यात हेडफोन अडकवूनच. गाडीतला लहरींची दिशा दाखवणारा काटा थेट या दाराकडे वळला होता. त्यांनी टेबल न्याहाळलं आणि चमच्यांच्या भांड्यातून एक इवलासा बिनतारी माइक उपसून काढला.

"तो माझा आहे," सासरे म्हणाले. "माझी लेक कानाशी येऊन बोलते. जावईबापू पुटपुटतात, ते ऐकू येत नाही. म्हणून बाजारातून आणला, हेडफोनमध्ये सगळं ऐकू येतं. ते घरी असले की लावतो."

तपासनीसाने कपाळावर हात मारला. चोर तर सापडला होता.

"अभिनंदन," साहेब म्हणाले. "सुट्टीचा सत्यानाश झालाच आहे, आता डोंगरावर निघा."

निघायच्या दिवशी त्याने बॅग दारात ठेवली. लेकीने भिंत सोडली, दोन पावलं टाकली आणि बापाच्या पायाला मिठी मारली. पाऊल दिसलं, पण ज्या दिवशी दिसायला नको होतं त्या दिवशी. तो ढसाढसा रडला.

डोळे पुसून पाहतो, तर शेजारी दुसरी बॅग.

"मीही येतोय," सासरे म्हणाले. "तिथली लहर मोकळी आहे, तुम्हीच म्हणालात. परवाना काढलाय."

तपासनीस तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला.

"तिथे गेल्यावर परत म्हणा," माइक आणि हेडफोन बॅगेत भरत सासरे म्हणाले. "इथे लावायला बंदी आहे."